चिमण्यांची बाजरी आणि आबांचा कावळा

सकाळी सव्वाआठला हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण तेव्हाच कावळ्यानं माझ्या आरूच्या हातातली भाकरी पळवली, आणि तिनं जे तोंड मिटलं ते दुपारपर्यंत उघडलं न्हाई. पुढं माझी जी शोभा झाली ती सांगते. हसा खुशाल, पण मी काही चुकले असं म्हणायला लावू नका.

आरू माझी दोन वर्षांची. अंगणवाडीतल्या ताईंनी काट्यावर ठेवलं न म्हणाल्या, "वजन कमी भरतंय, खाऊ घालत जा." जसं काय मी ताट लपवून ठेवते! पोरगी घास बघितला की मान फिरवायची, न मला रात्री झोप न्हाई. मंग एक दिवस दारातल्या शेवग्यावर चिमणी बसली, आरूनं तिकडं बघत आ वासला, मी घास सारला. सापडलं औषध. तेलाचा रिकामा कॅन कापून त्यात बाजरी न भाकरीचा चुरा टाकला, टांगला शेवग्याला. चिमण्या आल्या, पोरगी जेवायला लागली.

पण चिमण्यांच्या मागं कावळे आले. घरचं कार्य असल्यासारखे पंगतीला बसायचे. चिमण्या पळाल्या की आरूचं तोंड बंद. त्या सव्वाआठच्या भाकरीचा चोर त्यांच्यातलाच. मी थाळी बडवली, तर कावळे बसून आणि चिमण्या गायब. कुणाला राग येणार न्हाई सांगा?

आरूचे पप्पा म्हणाले, "भुईमुगात मेलेला कावळा उलटा टांगतेत. एक कावळा फिरकत न्हाई."

"मेलेला कुठून आणू? मारू का?"

"तू काय पण करशील."

मी कापडाचा कावळा शिवला. माळ्यावर एक मोडकी छत्री होती, तिचं काळं कापड, आत चिंध्या, वर खरी पिसं खोवली. पाय बांधून उलटा टांगला. कावळे जमले, शेवग्याभोवती असा कालवा केला की विचारू नका, आणि गेले. पुन्हा एक आला न्हाई. आरू भाकरी, वरण, अंडं, सगळं खाऊन राह्यली. मी गल्लीतून मान ताठ करून चालायची.

मंग आले पितर. आमच्या सासऱ्यांना, आबांना जाऊन वर्ष झालेलं. अख्खी भावकी जेवायला. खीर, वडे, कढी, भजी. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पत्र्यावर घास ठेवला. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं न्हाई, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

कावळा येईना.

मला लगेच कळलं का येईना. पण शेवग्याला टांगलेला तो काढला असता तर उद्यापासून पोरगी पुन्हा उपाशी. मी गप पुऱ्या लाटत बसले.

"आबाचं मन कशात तरी अडकलंय," चुलतसासरे म्हणाले. "बोला रे पोरांनो."

मोठे दीर हात जोडून म्हणाले, "आबा, बांधावरचा लिंब तोडत न्हाई." कावळा न्हाई.

आरूच्या पप्पांनी घसा खाकरला. "आबा, तंबाखू सोडली." तरी न्हाई. मी मनात म्हणलं, थांबा आबा, अजून थोडा वेळ येऊ नका, ह्यांची गुटख्याची पण बारी येऊ द्या.

एवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या खाला ओरडल्या, "अगं ए, तुमचे सगळे कावळे आमच्याकडं का पाठवून दिले? माझ्या वाळत घातलेल्या शेवया खाऊन राह्यले!"

सगळ्यांनी गच्चीकडं बघितलं, मंग शेवग्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

आत्या शेवग्याखाली गेल्या. कापडाला हात लावला. "ही तर आबांची छत्री."

"हां."

"पितराच्या दिवशी, आबांच्या छत्रीचा कावळा, तोही उलटा?"

चुलतसासरे म्हणाले, "काढ तो आधी."

"न्हाई काढणार," मी म्हणले. "आबांची भूक वर्षातून एक दिवस. माझ्या पोरीची रोजची हाय."

आत्यांनी पत्र्यावरचा घास उचलला न खालांना हाक दिली, "आपा, जरा तुमची गच्ची द्या."

"या ना. आबा भाई तर माझ्याकडंच चहा प्यायचे."

आत्यांनी घास टेकवला न्हाई तोवर तीन कावळ्यांनी वडे उचलले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी वर पोचले तर कडेवरची आरू माझ्या हातातून पुढं झुकली. कावळ्याकडं बघून आ वासला. आत्यांनी खिरीचा चमचा दिला. गिळला. पुन्हा आ. कावळे जवळ येत होते न पोरगी हसत खात होती. अख्खी वाटी संपली.

आत्या म्हणाल्या, "हिला चिमणीच पाहिजे, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणी न्हाई. मीच ठरवलं होतं, न पोरीला एकदा पण विचारलं न्हाई.

तरी कावळा मी काढला न्हाई. चिमण्यांना पण लेकरं असतेत. आता सकाळी आरू चिमण्यांत जेवते, दुपारी खालांच्या गच्चीवर कावळ्यांत. खालांच्या शेवया तेवढ्या घरात वाळतेत.

तर एक काम करा. आमच्या तीर्थपुरीच्या आसपास कुणाच्या पितराला कावळा मिळत नसंल, तर त्यांना सांगा, आमच्या गल्लीत या. आबांना जेवायला मिळालं, तुमच्यांना पण मिळंल. फक्त शेवग्याखाली थांबू नका, सरळ खालांच्या गच्चीवर जा.