वीसच्या जागी पाच

चाचा राउटरच्या दिव्यांकडे कधी बघत नसत. "हिरवा दिवा म्हणजे वायर जिवंत आहे, बस. डेटा कुठून चाललाय ते टेबल सांगतं." दुबईत जबल अलीला कंपनीच्या बसमधून उतरले की चहाच्या आधी ते रूटिंग टेबल, म्हणजे डेटाच्या वाटांची यादी, उघडत आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचत.

मूळचे रत्नागिरीचे. आमच्या गोदामांचं नेटवर्क त्यांनीच उभं केलेलं. मी पुण्याहून येऊन त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचार. जायचंय कुठे, पुढे द्यायचं कुणाकडे, मेट्रिक, म्हणजे त्या वाटेला दिलेला आकडा, किती. दोन वाटा असतील तर कमी मेट्रिकवाली घेतात. ती चांगली असते असं नाही. आपण तसं लिहिलेलं असतं." मी चुकले की मान हलवत, "खलास, तुझं डेटाचं पॅकेट गेलं समुद्रात."

मग मंदी आली. नोकरी गेली की व्हिसा रद्द, महिन्याभरात देश सोडायचा. माझा मुलगा दहावीला होता. चाचा आणि मी, दोघांपैकी एकाचीच नोकरी राहणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच सुमारास अबुधाबीतल्या आमच्या खलिफा सिटीच्या ऑफिसचं सगळं काम संथ झालं. मॅनेजरने रिपोर्ट माझ्याकडे मागितला. मी टेबल ओळीने वाचलं. तिकडे जायला दोन लाइन्स होत्या: मुख्य, मेट्रिक दहा, आणि जुनी, संथ, ठरलेलं मेट्रिक वीस. टेबलात मात्र जुनीच बसलेली. सेटिंग उघडलं तर तिथे वीसच्या जागी पाच. मुख्य लाइन सारखी येत-जात होती तेव्हा चाचांनी तो आकडा तात्पुरता बदलला होता. लाइन सुधारली, आकडा तसाच राहिला.

"एक जुनी नोंद राहून गेली होती," एवढंच लिहून मी रिपोर्ट त्यांना दाखवला.

चाचांनी चष्मा चढवला. "राहून गेली? स्वतःहून? ओळ कुठून आली ते राउटरसुद्धा लिहितो, ताई." त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, स्वतःचं नाव घातलं, मी चुकवलेली तारीखही दुरुस्त केली. "यल्ला, चल, पाठव."

मी पाठवला. नाव पुसता आलं असतं. पुसलं नाही.

महिनाअखेर त्यांना नोटीस मिळाली.

दहावीचा निकाल लागल्यावर मी रत्नागिरीला फोन लावला. त्या रिपोर्टबद्दल काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

"पास झाला ना पोरगा?" चाचांनी आधीच विचारलं.

"झाला."

"गणितात किती?"

मी सांगितलं. "थोडे कमीच आहेत," ते म्हणाले, आणि मग अर्धा तास त्याने पुढे काय शिकावं याच्यावरच बोलत राहिले.