वाघजाईला न विचारलेला प्रश्न

धोंडूआबा गेल्याचं कळलं तेव्हा मी महाडच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याशी तावातावानं भांडत होतो. पत्रकाच्या मथळ्यापुढे त्यानं उद्गारचिन्ह एकच लावलं होतं, मला तीन हवी होती! तेवढ्यात पोलादपूर गाडीचा कंडक्टर, आमच्याच गावचा, दारातूनच म्हणाला, "अरे, आपला गुरव गेला रे... पहाटे." मी हातातलं प्रूफ पाहिलं. मथळा होता ‘देवाच्या दलालांना जाब विचारा’. आणि ज्या एका गुरवानं उलट मलाच जाब विचारला होता, तोच गेला होता. प्रूफ घडी करून खिशात टाकलं ते पुढे पाच आठवडे तिथंच राहिलं. छापा म्हणायला जीभ उचलेना, नको म्हणायलाही उचलेना.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. गावात काहीही अडलं की वाघजाईला कौल. हरवलेली म्हैस कुठल्या रानात शोधायची, पोरगी त्या घरी द्यायची की नाही, मुंबईची गिरणी बरी की गोदी... आबा पितळी वाटीतल्या तगरीच्या दोन ओल्या कळ्या उचलायचा, देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे श्वास रोखून बघत राहायचे. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. मला या प्रकाराची भयंकर चीड! माझं पहिलं पत्रकच त्यावर होतं, ‘दगडाला काय विचारता?’ पहिली प्रत मुद्दाम आबाच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. "वाचून दाखव," म्हणाला. देवळाच्या पायरीवर उभं राहून मी सभेत बोलावं तसं ठणकावून वाचलं. त्यात त्याला ‘भोंदू’ म्हटलं होतं, तेही गाळलं नाही. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आवाज झकास हाय तुझा. गाऱ्हाणं चांगलं घालशील." मग पत्रकाची चौघडी करून डुगडुगणाऱ्या वाटीच्या बुडाखाली सारली. वाटी स्थिर झाली. मी संतापानं लाल! पण एक गोष्ट तेव्हाही मला दिसत होती. कौल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, कळीला हात लावायच्या आधी, आबा एकदा विचारायचा, "हे तुझं तुला ठाऊक नाय का रे?" निम्मी माणसं ओशाळून तिथूनच परत फिरायची.

मग विहिरीचं प्रकरण उभं राहिलं. सरकारी मदतीतून देवळाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली. माती उपसायला बौद्धवाडीतली माणसं सगळ्यांच्या पुढे होती. पाणी लागलं आणि त्याच माणसांना सांगण्यात आलं, तुम्ही लांब उभे राहा, आम्ही वरून ओतू! अस्पृश्यता हा गुन्हा ठरून वर्षं लोटली होती, आणि इथं वाडीतल्या बाया चैत्राच्या उन्हात नदीची वाळू उकरून वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. मी पत्रकं वाटली. गावचे पाटील म्हणजे माझे सख्खे चुलते, आप्पा. त्यांच्याशी जेवणाच्या पाटावर भांडलो. शेवटी आप्पांनी तोड काढली, "आईला कौल लावू. ती हो म्हणाली तर भरू देत पाणी." सगळं गाव खूश. आणि मी काय केलं? लिहायला आजही लाज वाटते. कौलाला थोतांड म्हणणारा मी आदल्या दुपारी गुपचूप आबाकडे गेलो. तो पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसला होता. म्हटलं, "आबा, उजवी कळी जरा कोरडी लाव. आपोआप आधी पडेल. काम चांगलं आहे." त्यानं दातात धरलेली बांबूची काडी काढली.

"पत्रकात मला काय म्हटलं होतंस?"

मी पायाशी पडलेलं पळसाचं पान उचलून त्याच्यापुढे सरकवलं.

"भोंदू, नाय का?" म्हणाला, आणि पुन्हा पानं टोचायला लागला.

दुसरा दिवस! देवळापुढे सारं गाव, खाली विहिरीपाशी हंडे घेतलेल्या वाडीतल्या बाया. आबानं वाटी हातात घेतली आणि देवीकडे पाठ करून तो लोकांकडे वळला. "काल दुपारी ह्यो पाटलांचा पुतण्या मला म्हणाला, उजवी पाड. आज सकाळी पाटील सोता येऊन म्हणाले, डावी पाड. एकाच घरातली दोन माणसं, आणि दोघांनाबी आई आपल्या खिशात हवी!" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पा जमिनीकडे बघायला लागले. माझे कान पेटले. आबा थांबला नाही. "माणसाला कळत नाय ते आईला इचारायचं. तान लागलेल्याला पाणी द्यायचं का नाय, हे ज्याला ठाऊक नाय त्यानं हात वर करा. त्याच्यासाठी लावतो कौल."

एकही हात वर गेला नाही. एक म्हातारा कुरकुरला, "धोंडू, गुरवपण ठेवायचं हाय ना तुला?"

"ठेवायचं हाय. म्हणून तर नाय इचारीत."

तेवढ्यात खालून भागाबाईचा आवाज आला. विहिरीची माती डोक्यावरून वाहिलेली, वाडीतली सगळ्यात तिखट बाई. "काय रे बाबांनो, झालं का तुमचं? आम्ही तुमचे देव सोडले, आता त्यांची परवानगी कशापायी? सर गो पोरी, सोड पोहरा!" वरच्या आळीतले दोघं तरुण तिला अडवायला उठले... पण घटकेपूर्वी खाली ठेवलेले हात आता कुठल्या तोंडानं उगारणार? पोहरा पाण्यावर आपटला. काय तो आवाज! माझ्या साऱ्या पत्रकांना मिळून तसा आवाज कधी निघाला नव्हता.

वरची आळी आठ दिवस त्या विहिरीच्या पाण्याला शिवली नाही. नवव्या दिवशी हंडे घेऊन मुकाट आली. आबाला मात्र गावानं दोन वर्षं देवळाबाहेर ठेवलं. शेजारच्या गावचा गुरव आणला. आबा पोलादपूरच्या बाजारात पत्रावळी विकायचा आणि मी दिसलो की भर गर्दीत ओरडायचा, "काय भोंदू, बरा हायस ना?" सगळा बाजार वळून बघायचा. पुढे नव्या गुरवाचा कौल पाटलांना हवा तसाच पडतो, हे हळूहळू सगळ्यांना दिसायला लागलं. आणि गंमत अशी, की मुलीच्या सोयरिकीची वेळ आली तेव्हा आबाला बोलवायला आप्पाच गेले! पोटच्या पोरीचा प्रश्न. तिथं आपल्याच मर्जीतला कौल घेऊन काय करणार?

गेल्या आठवड्यात देवळात गेलो. आता आबाचा धाकटा, गणपत, गुरवपण करतो. वाटी तीच, पण पुन्हा डुगडुगणारी. खालचं माझं पत्रक ओल लागून पार कुजलेलं. माझा चेहरा बघून गणपत म्हणाला, "दादा, काय इचारायचं हाय का?" मी, आयुष्यात तिथं हात न जोडलेला माणूस, खिशातलं प्रूफ चाचपत चक्क म्हणून गेलो, "हे छापू की नको...?"

गणपतनं कळी उचलली नाही. "तुमचं तुम्हाला ठाऊक नाय का?"

अगदी बापाचा सूर. मी प्रूफ काढलं, मथळा एकदा वाचला, चौघडी केली आणि वाटी उचलून खाली सारली. वाटी स्थिर झाली.