उत्तर येईपर्यंत

घोषणा दिली की मावशी डोळे मिटायच्या. मूठ वर, मान जरा तिरकी, आणि चेहरा असा, की आता दूध उतू जाणार म्हणून पातेल्यापाशी उभं राहावं. मोर्च्यातली शेवटची बाई उत्तर देऊन थांबली की मगच पुढची घोषणा. आम्ही नवखी पोरं मध्येच सुरू करायचो. टेम्पोवरूनच मावशींची दटावणी यायची, "आधी ऐकून घ्या ना बाप्पा, मंग ओरडा!"

तुम्ही मोर्चे पाहिले असतील. ट्रॅफिक अडलं म्हणून शिव्याही घातल्या असतील. घोषणा देणारा म्हणजे मोठ्या घशाचा माणूस, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. मावशींचा घसा बेताचाच होता. पण मोर्च्याच्या कुठल्या टोकाला लोक कंटाळलेत, कुठल्या बायका नुसतं तोंड हलवतायत, हे त्यांना उत्तरावरून कळायचं, आणि पुढची घोषणा त्या नेमकी तिकडे तोंड करून द्यायच्या.

त्या यवतमाळकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि शनिवार पेठेत घरोघर पोळ्या करू लागल्या. घरकाम करणाऱ्या बायकांची आमची छोटी संघटना आहे, तिच्यासाठी मी पत्रकं लिहिते. म्हणून माझं नाव पत्रकवाली. नवं पत्रक हातात दिलं की वाचायच्या आणि म्हणायच्या, "लिवलं झकास. पण हे म्हणताना बाईले दम पुरते का, ते पाह्यलं का?" पुरत नसे. मी वाक्य तोडायचे.

मग त्यांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला. शुद्धीवर आल्या तेव्हा मी खाटेशी होते. इकडेतिकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, "किती शांत दवाखाना आहे!" शेजारच्या खाटेवरचं मूल तेव्हा रडत होतं. मी काहीतरी बोलले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिडल्या, "नुसतं तोंड नको हलवू. आवाज दे!"

दोन्ही कान गेले होते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. कानाच्या आत तार घालून बसवायचं यंत्र असतं, कॉक्लिअर इम्प्लांट. बाहेर कानामागे मशीन, डोक्याला चुंबकानं चिकटणारी चकती. पुन्हा ऐकू येऊ शकतं. पण या आजारानंतर कानाच्या आत हाड धरायला लागतं. एकदा धरलं की तारेला जागा उरत नाही. म्हणून लवकर करा.

लवकर! आम्ही ज्या सरकारी कार्यालयात गेलो तिथली मोफत ऑपरेशनची योजना लहान मुलांसाठी होती. मोठ्यांचं काय, असं मी विचारलं. साहेब चहा पीत होते. म्हणाले, "मुलांना बोलायला शिकायचं असतं हो. यांचं बोलून झालंय की." मावशी माझ्याकडे बघत होत्या. साहेब काय म्हणाले, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी सांगितलं, बघतो म्हणाले. नंतर मी साहेबांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शिपायानं मला बाहेर काढलं.

या ट्रस्टनं त्या ट्रस्टकडे पाठवलं, त्यानं परत आधीच्याकडे. माणसं भली होती सगळी. सह्या राहायच्या, मीटिंगा पुढे जायच्या. आणि मावशींच्या कानात हाड वाढत राहिलं, त्याला कुणाच्या सहीची गरज नव्हती.

दरम्यान कामं सुटली. कुकरच्या शिट्ट्या कळेनात, बेल कळेना. पेठेतल्या एका बाईंनी कागदावर लिहून दिलं, "शिट्ट्या आम्हीच ऐकायच्या, तर पोळ्याही आम्हीच करू." मावशींनी तो कागद मला दाखवला. "पाह्य, हिले दम पुरते," म्हणाल्या.

शेवटी ऑपरेशन झालं. तार अर्धीच आत गेली.

मशीन सुरू करायच्या दिवशी आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखीच माणसं करू शकतात. तपासणीच्या त्या एवढ्याशा बंद खोलीत संघटनेच्या बायका पेढे घेऊन घुसल्या. तिथल्या ताईंनी यंत्र चालू केलं, हळू आवाजात विचारलं, "ऐकू येतंय?" मावशींची मान हलली, आणि आमच्या बायकांनी एका सुरात "जिंदाबाद!" ठोकलं. मावशींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ताई ओरडल्या, "अहो, ही काय सभा आहे का!" तेव्हा मावशींनीच, डोळ्यांत पाणी असताना, हसून मूठ वर केली. पेढा खाताना मला म्हणाल्या, "पत्र्यावर गारा पडल्या वो."

पुढे रोज सराव. मी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जायचे, तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणायचे. दार-खिडकी बंद असली तर काही शब्द लागायचे. पंखा लावला की गेलं सगळं. एकदा म्हणाल्या, "तुझा आवाज असा नव्हता."

"मग कसा होता?"

"मले आठवते. हा नाही."

त्यांना टीव्ही नको होता, फोन नको होता. "एकदा टेम्पोवरून उत्तर ऐकू आलं पाह्यजे," एवढंच. त्यासाठी त्या शाळकरी पोरीसारखी उजळणी करायच्या. त्याच दवाखान्यात मी एक बाई पाहिली. हाच आजार, हेच यंत्र, आणि जिना उतरताना ती फोनवर भाजीवाल्याशी भांडत होती. तिचं वेळेत झालं होतं. यंत्राला नावं ठेवू नका, असं कुणी मला म्हणालं की मला ती बाई आठवते. यंत्राला कोण नावं ठेवतंय?

मोर्च्याचा दिवस आला. मावशी टेम्पोवर चढल्या, पदर नीट केला, माइक घेतला. "पगारी सुट्टी हक्काची!" आवाज तोच. खालून बायकांनी जीव काढून उत्तर दिलं, "नाही कुणाच्या मर्जीची!" मावशींनी डोळे मिटले होते. रस्त्यावर हॉर्न, मागे ताशा. उत्तर अर्ध्यावर असतानाच त्यांनी पुढची घोषणा टाकली. बायका थबकल्या. काहींनी जुनं उत्तर दिलं, काहींनी नवं. मावशींनी डोळे उघडले आणि आमची तोंडं बघून अंदाज घ्यायला लागल्या. आता उलटं झालं. आम्ही पुढच्या घोषणेची वाट बघतोय, त्या आमच्या उत्तराची. बंदोबस्तातला एक पोलीस हसला, "आजी, रेंज गेली का?"

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. डोक्याची चकती काढली, मशीन काढलं, रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं. "आता बरं वाटते," म्हणाल्या. सरावाला मी पुढे पुष्कळ दिवस जात राहिले. त्या चहा द्यायच्या. मशीन डब्यातच असायचं.

आता त्या पुण्यात नाहीत, यवतमाळकडे भावाकडे असतात. जाण्याआधी एकदा मोर्च्याला आल्या होत्या. आमच्याकडे घोषणा द्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आजारापूर्वी कुणीतरी फोनवर टिपलेला त्यांचाच आवाज आम्ही टेम्पोवर लावत होतो. फोन त्यांच्या तोंडाशी धरलेला असणार. घोषणा स्वच्छ येते, आणि मग उत्तरासाठी त्या थांबतात तेवढा वेळ स्पीकरमधून काहीच येत नाही.

मावशी टेम्पोपाशी आल्या आणि स्पीकरवर तळवा ठेवला. घोषणेचा हादरा हाताला लागला असावा. "कोण देऊन राह्यली?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बोट केलं.

"मी?"

मी मान हलवली. त्यांनी तळवा काढला नाही. घोषणा संपली तशी मान तिरकी झाली, डोळे मिटले.

"उत्तर देऊन राह्यल्या का?" मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, पण ते कुणाला कळणार होतं? मागून सगळ्या बायका घसा फोडून उत्तर देत होत्या. स्पीकर गप्प होता, आणि त्यांच्या हाताला काहीच लागत नव्हतं.