मामी काही खाली उतरली नाही

"बांधी जळली नं बाप्पा!" असं म्हनत पदरातून एक हात बाहेर येई, माह्या जीपचा इंजिन बंद कराचा खटका ओढे, अन् परत पदरात जाई. गाडी माही, डिझल माहं, खटका माहा. हात तेवढा मामीचा.

अड्याळवरून भंडाऱ्याले तुमी कवा सवारी जीपनं गेले असान तं तुमीबी तिले पाह्यली असन. समोरची सीट, मांडीवर वांग्याची टोपली, गालात सुपारी. माही सख्खी मामी नव्हती ती. साऱ्या रस्त्याचीच मामी होती.

आमच्या धंद्याची एक रीत हाय. गाडी भरल्याबिगर हलत नाही, पन इंजिन चालू ठेवा लागते. इंजिन घुरघुरलं का सवारीले वाटते, आता निघालीच. मी हातभर समोर घेत होतो, "चला भंडारा, निघाली निघाली!" म्हनून बोंबलत होतो, अन् पुन्हा हातभर मांगं. असा समोर-मांगं करून अर्धा भंडारा मी स्टँडवरच फिरून येत होतो.

त्यात माह्या गाडीचा सेल्फ मेलेला. एकदा बंद झाली का ढकलाच लागे. म्हनून सकाळी सुरू केली का घरी जाईपर्यंत बंद करतच नव्हतो. जेवाले बसलो तरी चालू. पान खाले गेलो तरी चालू. गाडीपेक्षा मीच जास्त बंद राहत होतो.

मामी पह्यल्यांदा बसली, तवा थोडा वेळ आवाज आयकत राह्यली.

"काहून रे भाचा, जाऊन राह्यला का?"

"भरली का जातो, मामी."

"मंग हे कायले बोंबलून राह्यलं?"

तिच्या घरी पान्याचं डिझल इंजिन होतं. खटका कोठं असते ते तिले दिसलं, अन् ओढला.

मी कपाळावर हात मारला. "आता ढकला लागन नं, मामी!"

"ढकला मंग."

सारे उतरले. एक पांढऱ्या पॅन्टवाले गुरुजी होते, रोजचे, तेबी उतरले. मामी जागची हालली नाही.

"तू नाही उतरत?"

"सारेच उतरले तं गाडीत काय राह्यन? रिकामी गाडी कोनी ढकलते का, पागल!"

याच्यावर काय बोलावं ते मले अजूनबी सुचलं नाही. शाळेत गेलो असतो तं सुचलं असतं. पन गुरुजी शाळेतच असतात, त्याईलेबी सुचलं नव्हतं.

मंग हे रोजचंच झालं. माहा धंदा बुडाले लागला. दुसऱ्या जीपा घुरघुरत उभ्या, अन् माही गाडी मेल्यासारखी गप. वरून मामी खिडकीतून मुंडकं काढून बायाईले सांगे, "आरामात ये वं. याचं काही खरं नाही. बाजार करून ये, लुगडं पाहून ये."

"मामी, माह्या पोटावर कायले पाय देऊन राह्यली?"

"खरं सांगतलं तं पोटावर पाय पडते का?"

आता पाहा गंमत. बाया खरंच बाजार करून माह्याच गाडीत याले लागल्या. मामीनं "चाल वं, निघाली" म्हनलं म्हनजे गाडी निघालीच, हे साऱ्या स्टँडले समजलं. मी इतके वर्षं बोंबललो, त्याच्यावर एका पोरानंबी भरोसा ठेवला नव्हता.

एक दिवस तं हद्द झाली. साऱ्याईनं ढकललं, गाडी एकदम सुरू झाली, अन् त्या खुशीत मी जे पळवली ते पळवलीच. चांगला दूर आलो. गाडी काहून एवढी हलकी पळून राह्यली म्हनून मांगं पाह्यलं, तं मांगं कोनीच नाही.

"मामी! सवाऱ्या राह्यल्या नं!"

"हो. म्या पाह्यलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले वाटलं, तुह्या मनात असन."

मी गाडी वळवाले लागलो, तं हात आलाच पदरातून. खटका. "ते येतेत चालत. तोपर्यंत कायले जाळतं?" ते आले घामाघूम, गुरुजी साऱ्याईच्या समोर, अन् पुन्हा त्याईनंच ढकललं. त्या दिवशी गुरुजी माह्याशी शुद्ध मराठीत बोलले. मले अर्थ नाही समजला, पन रोख समजला.

मी एकदा चिडलोच. "डिझल माहं, जळते माहं. तुहं काय जाते?"

मामीनं सुपारी दुसऱ्या गालात घेतली.

"तुह्या मामाच्या वक्ताले पान्यानं दगा देल्ला. धान निसवत होतं. बोडीच्या तळाले थोडं पानी होतं, त्यानं इंजिन लावलं. धानाच्या साऱ्या बांध्या भिजल्या, एक राह्यली, अन् डिझल सरलं. सायकलीले डबा बांधून गेला तं पंपावरबी सरलं होतं. अन् तेथंच एक साहेबाची गाडी उभी. इंजिन चालू. साहेब आत गार हवेत झोपला होता. तुहा मामा उन्हात डबा घेऊन पाहत राह्यला. घरी आला, डबा उलटा ठेवला." मंग टोपलीतले वांगे सारखे करत म्हने, "ते बांधी पोचट गेली."

मी म्हनलं, "माह्या गाडीत तं गार हवाबी नाही, मामी."

"म्हनून तं तुह्या गाडीत बसतो," म्हने.

त्याच हप्त्यात मी सेल्फ दुरुस्त केला. कोनाले सांगतलं नाही. पन सवाऱ्याईले सवय पडली होती. मामीनं खटका ओढला का ते आपोआप उतरत अन् ढकलत. मी गुपचूप सेल्फ मारत होतो. मामी मले बाजूनं पाहे, अन् सुपारी चावे.

यंदा धान कापनीच्या दिवसात मामी गेली. शेतातच नेजा, बोडीच्या पाळीखाली, असं सांगून गेली होती. शेत दूर, म्हनून ट्रॅक्टर बोलावला. तिची पोरगी एकोडीवरून येनार होती, तिची वाट पाहन्यात सारं गाव आंगनात बसलं. अन् ट्रॅक्टर दारात उभा, चालू. भड भड भड भड. ट्रॅक्टरवाला म्हने, ब्याटरी गेली हाय, बंद केला तं सुरू होत नाही.

रडता रडता बाया ट्रॅक्टरकडे पाहत. गुरुजी माह्याकडे पाहत. मी जमिनीकडे. मंग मलेच बसवलं नाही. उठलो, गेलो अन् खटका ओढला. असं गप झालं का कोंबडीचे पायबी आयकू आले.

"अबे, आता कोन सुरू करन याले?" ट्रॅक्टरवाला.

पोरगी आली. मामीले ट्रॉलीत ठेवलं. ट्रॅक्टर काही सुरू झाला नाही. मंग काय, सारे लागलो ढकलाले. गुरुजी पांढऱ्या पॅन्टसंगं. मामी वरच. ते कवा उतरली होती?

गावाबाहेरच्या उतारावर ट्रॅक्टर खोकलला अन् एकदम सुरू झाला. ट्रॅक्टरवाला खुश. मांगं वळून म्हने, "सोडा, सोडा, आता मी नेतो!"

"बंद कर!" सारे एकदम ओरडलो. मामीची पोरगी साऱ्याईपेक्षा जोरात.

त्यानं खटका ओढला. अन् आमी तसंच ढकलत ढकलत नेलं तिले, तिच्या बांधीपर्यंत.