कोरस येईपर्यंत

इअरफोनचं एक टोक सदऱ्याच्या बाहीला पुसायचं, समोरच्याला द्यायचं आणि म्हणायचं, "कोरस येईपर्यंत थांबा." गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरची ही सवय.

तुमच्याही ऑफिसात असतील असे कुणी, जेवणाच्या सुट्टीत माणसं पकडणारे. आमचे स्टोअरकीपर सांडोर गावचे. ऐंशीच्या दशकातले रॉक बँड शोधून काढायचे. नावाजलेले नव्हेत हं. कुठल्या कुठल्या देशांतले, एक रेकॉर्ड काढून गायब झालेले. आधी गिटार हळू वाजायची, गाणारा एकटाच काहीतरी आळवत बसायचा, आणि मग सगळे मिळून कोरस उचलायचे. तिथे यांचे डोळे भरून यायचे. "बघा! एवढं गोड, आणि कुणी ऐकलंच नाही!"

ऐकणार कोण? पोरं लगेच इअरफोन परत द्यायची. "अंकल, लय स्लो आहे." मी थांबायचे. खोटं कशाला बोलू, आधी भिडेखातर. पण पुढे पुढे मला ती गाणी खरंच आवडायला लागली. एकदा मी कोरस पुन्हा लावायला सांगितला, तर स्वारी इतकी खूश की दुसऱ्या दिवशी वाडीतल्या केळ्यांची फणी माझ्या टेबलावर.

निवृत्तीच्या दिवशी ते जुना टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. सगळ्यांसाठी केळी होतीच. शेट म्हणाले, "दोन शब्द बोला." यांनी कॅसेट घातली.

"हा आमचा बँड. गावातले चौघं. गाणारा मी. एवढी एकच कॅसेट उरलीय, नेटवर मिळणार नाही."

इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते!

गिटार सुरू झाली, मग यांचा कोवळा आवाज. आता येईल, आता येईल, म्हणून ते एक हात वर धरून उभे. तेवढ्यात समोसे आले. शेट हसत पुढे झाले, "वा वा, फारच छान," आणि टेप बंद केला. आणि मेल्यांनी टाळ्या वाजवल्या!

"अहो, कोरस यायचाय अजून!" मी ओरडले.

"मॅडम, समोसे गार होतील."

यांनी हात खाली घेतला आणि टेपरेकॉर्डर पुन्हा टॉवेलात गुंडाळला. मी गेटपर्यंत मागे गेले. "मला ऐकवा ना, इथेच."

"राहू द्या मॅडम. आता नको."

केळी मात्र सगळ्यांनी घरी नेली. नंतर फोनवर मी कितीदा विचारलं, पण ते विषयच बदलायचे. इअरफोन म्हणे कुठे पडलाय कुणास ठाऊक.

ते गेल्याचं मला दफन होऊन गेल्यावर कळलं. महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी सांडोरला गेले. घरी आंटींनी, त्यांच्या बायकोने, चहा दिला. न राहवून मी कॅसेटचं विचारलं.

"पेटीत ठेवली त्यांच्याबरोबर. तसं सांगूनच ठेवलं होतं त्यांनी."

"तुम्ही ऐकलंय ना ते गाणं?"

"सुरुवात ऐकलीय. ते लावायचे, आणि मला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं." त्या पदराने डोळे पुसू लागल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "ऑफिसात एक मॅडम कोरस येईपर्यंत थांबतात, असं सांगायचे ते. त्या तुम्हीच ना? मग सांगा ना, पुढे कसं होतं ते?"

मला समोशांपर्यंतचंच ठाऊक होतं.