शिलाई मशीनच्या चिन्हावर आत्याबाई

लग्न होऊन मी जबलपूरहून बनारसला आले तेव्हा, या घरातून कुणी आमदारकीला उभं राहील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. घर भिक्षुकांचं. सासरे, म्हणजे मामंजी, दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे. हे रेल्वेत नोकरीला. आणि मामंजींची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. सगळं आयुष्य वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी, नव्वदीच्या दशकातल्या एका निवडणुकीत, त्यांनी विधानसभेचा अर्ज भरला. अपक्ष म्हणून.

कारण होतं कावीळ. पाऊस संपत आला की आमच्या भागातल्या गल्ल्यांमध्ये दरवर्षी कावीळ यायची. एरवी माणसं महिनाभर उसाचा रस पिऊन, झाडफूक करून उठायची. पण गरोदर बाईला झाली तर ती वाचेलच असं नसे. आत्याबाईंनी अशा बायका स्वतःच्या हातांत जाताना पाहिल्या होत्या. रजिस्टरात नावापुढे पत्ता लिहायचं काम त्यांच्याकडे असे, आणि लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं होतं की पत्ते दरवर्षी त्याच पाच-सहा गल्ल्यांचे येतात.

निवृत्त झाल्यावर आत्याबाई त्या गल्ल्या बघायला गेल्या. पिण्याच्या पाण्याचे पाइप उघड्या गटारातून टाकलेले होते. पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर यायचं; बाकीच्या वेळी पाइप रिकामे, आणि फुटक्या सांध्यांतून गटारातलं पाणी आत शिरायचं. आत्याबाईंनी शाळेच्या वहीत गल्लीगल्लीचा नकाशा काढला, फुटक्या सांध्यांवर लाल फुल्या केल्या आणि ती वही घेऊन ऑफिसांचे उंबरे झिजवले. शेवटी एका साहेबाने त्यांना सांगितलं, "माताजी, यह सब लखनऊ से होगा।"

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि मला म्हणाल्या, "लखनौहून होणार म्हणे. आणि लखनौला बोलायचं तर आमदार लागतो. सूनबाई, तुझं हिंदी चांगलं आहे. मला एक पत्रक लिहून दे."

मला वाटलं, त्या चिडून बोलताहेत. पण दुसऱ्या दिवशी त्या अर्जाचे कागद घेऊन आल्या.

ह्यांची मोठी पंचाईत झाली. सरकारी नोकराला प्रचारात दिसायचीही बंदी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी बाहेर काही करू शकत नाही. पण घरातलं बघतो. भात, वरण, पोरांचा अभ्यास." आणि त्यांनी खरंच ते महिनाभर केलं. वरणात रोज मीठ कमी पडायचं. आम्ही वरून घालून घ्यायचो.

पत्रक मी लिहिलं. आत्याबाईंनी सांगायचं आणि मी लिहायचं. पिण्याचे पाइप गटारातून बाहेर काढायचे. घाटांच्या वरच्या अंगाला जो नाला थेट नदीत पडतो, तो आधी साफ करायचा, मगच सोडायचा. प्रत्येक मोहल्ल्यात एक खोली, तिथे रोज नर्स बसेल आणि गरोदर बायकांना तपासेल. आत्याबाईंना यापुढे काही नको होतं. मी म्हटलं, "एखादं मोठं इस्पितळ घालूया का? लोकांना आवडेल."

"ते मी आणू शकणार नाही. जे जमणार नाही ते लिहू नकोस."

शेवटी त्यांनी अजून एक वाक्य सांगितलं: नाला पडतो त्या जागेचं पाणी तोंडात घेऊ नका, आचमनालाही नाही. खाली ओटीवर मामंजी दर्भ निवडत बसले होते. "हे गाळावं का, आत्याबाई?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी चूल सांभाळायचं काम नाही केलं इतकी वर्षं, नर्सचं केलंय. लिही."

मामंजींनी छापलेलं पत्रक वाचलं, घडी घातली आणि चष्मा काढला.

"गंगेचं पाणी तोंडात घेऊ नका, असं माझ्या घरातून छापून निघालं?"

"नाल्याच्या तोंडाचं, दादा. गंगेचं नाही."

"यजमान ते वाचणार नाहीत. ते एवढंच वाचतील, की गुरुजींची बहीण काय म्हणते."

"मग त्यांना सांग, बहीण नर्स होती."

त्या दिवसापासून मामंजी आत्याबाईंशी बोलेनासे झाले. एकाच पंक्तीला जेवायचे, पण ताक हवं असलं तरी मला सांगायचे. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळे मी दोघांनाही टाळायला लागले. पत्रकातलं ते वाक्य माझ्याच अक्षरात प्रेसमध्ये गेलं होतं.

चिन्ह मागताना आत्याबाईंनी नळ मागितला होता. मिळालं शिलाई मशीन. पहिल्या आठवड्यात जिथे जाऊ तिथे बायका विचारायच्या, "मशीन कब मिलेगी?" आत्याबाई शांतपणे सांगायच्या की मशीन मिळणार नाही, पाणी मिळेल असं बघू. काही बायका तिथूनच परत फिरायच्या. ज्या थांबायच्या त्यांना त्या वही उघडून दाखवायच्या. "यह तुम्हारी गली। यह तुम्हारा नल।" आपली गल्ली कागदावर बघून बायकांना नवल वाटायचं. एकीने तर आत्याबाईंची चूक काढली, अजून एक फुटका सांधा दाखवला आणि स्वतःच्या हाताने लाल फुली मारली.

मतदानाला सहा दिवस राहिले असताना विणकरांच्या मोहल्ल्यात आमची सगळ्यात मोठी सभा ठरली होती. मोठी म्हणजे शाळेच्या पटांगणात दीडेकशे माणसं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. आत्याबाई तिथल्या ओट्यावर बोलायला उभ्या राहिल्या तोच एक म्हातारे विणकर गर्दीतून पुढे आले. ते आत्याबाईंना ओळखत होते. त्यांची दोन मुलं आत्याबाईंच्या वॉर्डात जन्मली होती.

"सिस्टर जी, बहू को देख लीजिए। सातवाँ महीना है। आँखें पीली हैं।"

"कब से?"

"चार दिन से। आज सुबह से ठीक से बोल नहीं रही।"

हे शेवटचं ऐकल्याबरोबर आत्याबाईंनी भाषणाचा कागद माझ्या हातात दिला. "शुद्ध चाललीय तिची. मी जाते. तू बोल."

"मी? आत्याबाई, लोक तुम्हाला ऐकायला आलेत."

"त्यांना खरं काय ते सांग," म्हणत त्या ओट्यावरून उतरल्याही. पाच मिनिटांत विणकरांच्या त्या सुनेला सायकलरिक्षात मांडीवर घेऊन बसल्या आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली.

मी जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, तेवढाच काय तो माझा आवाज. कागद वाचायला लागले तर एकच ओळ दोनदा वाचली. अर्धे पुरुष उठून गेले. मग मी कागद बाजूला ठेवला आणि बायकांना सांगितलं की सिस्टर कुठे गेल्यात आणि का. विचारलं, सकाळी नळ सोडल्यावर पहिल्या बादलीला वास कुणाकडे येतो? आधी एक हात वर आला, मग बरेच. मी म्हटलं, "मेरे यहाँ भी आता है," आणि खाली बसले. माझं भाषण एवढंच.

ती मुलगी तीन दिवस बेशुद्ध होती. बाळ पोटातच गेलं. चौथ्या दिवशी तिने पाणी मागितलं. हे सगळे दिवस आत्याबाई इस्पितळात होत्या. जुन्या ओळखीवर वॉर्डात बसून राहायच्या, आणि तिची सासू आली की तासभर घरी येऊन आंघोळ करून पुन्हा जायच्या. प्रचार संपल्यातच जमा होता.

मला राहवलं नाही. मी एक नवं पत्रक लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण गल्ली घातली होती, आणि बाळ गेलं हे लिहिलं होतं. एका वाचनात अंगावर काटा येईल असं झालं होतं ते, मला माहीत होतं. इस्पितळाच्या जिन्यात मी ते आत्याबाईंना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंयस."

"मग छापायला देऊ? आज दिलं तर उद्या सकाळी मिळेल."

"नको."

"पण यात खोटं काही नाही, आत्याबाई."

"खोटं नाही. पण ते तिचं आहे. ती अजून उठून बसलेली नाही. तिला कधी सांगायचं असेल तर ती सांगेल." त्यांनी कागदाची घडी करून माझ्याच पिशवीत ठेवली. मला त्यांचा राग आला. एवढी मेहनत, आणि जिंकायचं असं मनातच नाही बाईंच्या, असं वाटलं. घरी येईपर्यंत मी रस्ताभर मनात भांडत होते.

आत्याबाई पडल्या. मतांचा आकडा सांगण्यासारखा नव्हता. मतमोजणीच्या ठिकाणी मी त्यांची प्रतिनिधी म्हणून बसले होते, आणि शिलाई मशीनवर शिक्का असलेली मतपत्रिका दिसली की मी उगाच खुर्चीत पुढे सरकायचे. ती क्वचितच दिसायची. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या लोकांनी वाचलं तरी." आणि जेवायला बसल्या. त्या दिवशी मामंजींनी ताकाचं भांडं उचललं आणि स्वतःच त्यांच्या पानाशी ठेवलं.

मामंजींनी ते पत्रक बरोबर होतं असं कधीच म्हटलं नाही. पण पुढच्या यात्रेच्या हंगामात मी घाटावर डबा द्यायला गेले तर ते यजमानांना नावेत बसवत होते. संकल्पाचं पाणी नदीच्या मधल्या धारेतून आणायचं, काठाचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. विचारलं तर म्हणाले, "धारेचं पाणी उत्तम, असंच आहे पूर्वीपासून."

निवडून आलेल्यांचा माणूस सहा महिन्यांनी वही मागायला आला. आत्याबाईंनी वही दिली. मी म्हटलं, नक्कल तरी करून घेऊ. तर म्हणाल्या, मला पाठ आहे. दोन गल्ल्यांतले पाइप खरोखर बदलले, गटाराच्या वरून, भिंतीला धरून. दगड लागला, त्यावर आमदारांचं नाव. उद्घाटनाला आत्याबाई मागे उभ्या होत्या. नारळ फुटल्यावर पुढे गेल्या आणि वाकून सांधे तपासून आल्या. बाकीच्या गल्ल्या तशाच राहिल्या. नाला तर पुढे कितीतरी वर्षं तसाच पडत होता. मोहल्ल्यातली खोली आणि रोजची नर्स कधीच आली नाही. आमच्या ओटीवर मंगळवारी आणि शुक्रवारी बायका यायच्या; आत्याबाई रक्तदाब बघायच्या, डोळे बघायच्या, जिला गरज असेल तिला चिठ्ठी देऊन इस्पितळात पाठवायच्या. हात थरथरायला लागेपर्यंत हे चाललं.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "तू उभी राहतेस?"

मी सांगितलं, ह्यांची नोकरी आहे, मुलगी दहावीला आहे. दोन्ही खरं होतं. पण मला पुन्हा त्या ओट्यावर उभं राहायची भीती वाटत होती, ते मात्र मी सांगितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही, आणि माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही.