जावयाची मेंढी कापायची नाही

माझे वडील पत्ते वाईट खेळत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर इतका चिडणार आहे की वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि बावन्न पानांतली कुठली पडली, कुठली उरली, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी दुपारी मेंढीकोटाचे सामने होत. तेव्हा नागपुरात आमच्या गल्लीत टीव्ही यायचा होता, त्यामुळे रविवारची दुपार ढकलायची कशी हा खरोखरच प्रश्न होता. जोडीला प्रवेश चार आणे. शेवटचा सामना जिंकणाऱ्यांना स्टीलचा पेला, आणि हरणाऱ्या जोडीने जमलेल्या सगळ्यांच्या चहाच्या कपबश्या धुवायच्या, असा तिथला नियम. मेंढी म्हणजे दश्शी. चार मेंढ्यांपैकी ज्यांच्याकडे जास्त, ते जिंकले. समोरून आलेल्या रंगाचं पान आपल्याकडे नसलं की हुकमाने कापायचं आणि मेंढी घरी आणायची, इतका साधा खेळ.

मी आणि वडील जोडीदार. पहिले सामने आम्ही हसतखेळत मारायचो आणि शेवटच्या सामन्यात हटकून हरायचो. मग नळाखाली वडील कपबश्या धुवायचे, मी पुसायचो. चार रविवार हेच झालं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, पाटबंधारे खात्यात नुकताच चिकटलेला, आणि चूक झाली की तिचं कारण कागदावर सापडतं अशी माझी ठाम समजूत होती. घरी आलो की मी आठवून आठवून प्रत्येक डाव वहीत लिहायचो.

वहीतून पहिलं निदान निघालं ते डोळ्यांचं. वडिलांच्या हातात हुकूम असतो, समोर मेंढी पडलेली असते, आणि ते भलतंच पान टाकतात, म्हणजे त्यांना दिसत नाही. मी त्यांना ओढत सीताबर्डीला नेलं आणि चष्म्याचा नंबर बदलून आणला. पुढच्या रविवारी ते नव्या चष्म्यातून हरले. मग मला वाटलं उजेड डोळ्यांवर येत असेल, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसवलं. पाठ करूनही हरले. विचारलं की म्हणायचे, "विसरलो गा." ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे गुण आठवतात, तो हातातला हुकूम विसरतो!

सहाव्या रविवारनंतर वही पहिल्या पानापासून वाचली आणि डोक्यावर हात मारून घेतला. दर वेळी वडिलांनी जी मेंढी सोडली होती ती एकाच माणसाची होती. तो माणूस म्हणजे माझे भाऊजी, ताईचे यजमान. कळमेश्वरच्या कारखान्यात सुपरवायझर, इतवारीत भरलेलं घर, लग्नाला दोन वर्षं झालेली. दर रविवारी स्कूटरवरून यायचे आणि शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर बसायचे.

"बाबा, तुमी मुद्दाम हारून राहिले!" मी वही त्यांच्यापुढे आपटली.

त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "जवाई आहे थो. त्याची मेंढी कापू काय मी? पोरगी त्याच्या घरात आहे आपली."

"हा पत्त्यांचा खेळ आहे!"

"मग हारलो तं तुयं काय गेलं?"

माझं काय गेलं, हे मला धड सांगता येईना, म्हणून मी आणखीच चिडलो. जोडीदार बदलतो म्हणून धमकीही दिली.

त्या गुरुवारी ताई आली. आई अंबाडी निवडत होती, वडील शेजारीच बसले होते, ताईही जुडी ओढून बसली. मी वहीचं पुराण लावलं, बाबांचं कौतुक तिला ऐकवावं म्हणून. मला वाटलं ती हसेल. ती पानं खुडता खुडता थांबली.

"बाबा, तुमी माह्यासाठी हारता?" ती म्हणाली. "दर रविवारी हे घरी येऊन सगळ्यांसमोर सांगते, सासऱ्यानं आज माही कपबशी धुतली म्हणून. सासू हासते, दीर हासते. मी पोळ्या लाटत ऐकते. एकदा तरी हारवा ना त्यायले."

 वडील उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो तेवढ्यापुरता निघून गेला.

रविवारी शेवटच्या सामन्यात पुन्हा भाऊजीच समोर. शेवटच्या डावात आमच्या दोन मेंढ्या, त्यांची एक. हात मात्र त्यांचे जास्त, म्हणजे चौथी मेंढी त्यांना गेली की दोन-दोन होऊन हातांवर सामना गेला. भाऊजींनी किलवरची मेंढी उतरवली. वरची किलवरं केव्हाच पडून गेली होती, त्यामुळे ते निर्धास्त होते. मी दुर्री टाकली. त्यांच्या जोडीदाराने फालतू पान टाकलं. राहिले वडील. त्यांच्याकडे किलवर नव्हतं, आणि हुकमाची सत्ती त्यांच्याच हातात असणार हे मी मोजलेलं होतं.

वडिलांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. मी मनातल्या मनात ओरडत होतो. मग त्यांनी सत्ती काढून अलगद त्या मेंढीवर ठेवली.

वाचनालय दणाणलं. सहा रविवारांनंतर भाऊजी आमच्याकडून पहिल्यांदा हरले होते. मी पेला हातात घेऊन पोरासारखा नाचलो. भाऊजींचा चेहरा उतरला, पण नियम म्हणून ते बाह्या सरसावून उठले आणि कपबश्या गोळा करू लागले.

"राहू द्या, जवाईबापू," वडील म्हणाले. त्यांनी भाऊजींच्या हातातून तबक काढून घेतलं आणि नळाकडे निघाले. मी धावलो, दंड धरला, दातओठ खात म्हणालो, "बाबा, ठेवा थे!" त्यांनी माझा हात बाजूला केला. सगळ्या कपबश्या त्यांनी एकट्याने धुतल्या. भाऊजींची तर दोनदा. घरी येईपर्यंत मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो आणि ते "हो गा, हो गा" करत चालत राहिले.

गुरुवारी ताई आली. चप्पल काढायच्या आधीच मी तिला म्हणालो, "जिंकलो आपण. बाबांनीच कापली मेंढी."

"ऐकलं," ती म्हणाली. "कपबशा बाबांनीच धुतल्या, थेही ऐकलं."